झाड न तोडता खोडाचं घनफळ कसं काढायचं?

जमिनीपासून 1.3 मीटरवर टेपने घेर मोजा, 3.14 ने भागा, व्यास मिळाला. समजा तो 30 सेंटीमीटर आणि उंची 20 मीटर. सरळ नळकांडं धरलं तर 1.41 घनमीटर येतं. पण खोड वर निमुळतं होत जातं, म्हणून आकार गुणांकाने (नळकांड्याच्या घनफळाचा किती भाग खरं खोड असतं, तो आकडा) गुणायचं, 0.45 धरला तर साधारण 0.64 घनमीटर. हा गुणांक प्रजाती नि वयाप्रमाणे बदलतो, भलत्याच जंगलाचा उचलू नका. आणि टेप तिरकी धरू नका! व्यास 10 टक्के जास्त मोजला गेला की घनफळ 21 टक्क्यांनी फुगतं. उंचीतली तेवढीच चूक 10 टक्क्यांवर भागते. वाढीचा दर हवा असेल तर खोडावर रंगाची खूण करून तिथेच काही वर्षांनी पुन्हा मोजा.