बुलेटच्या सायलेन्सरमधली जाळी घरी काढता येते का? पिकअप वाढतो का?

काढता येते. मागची टोपी ग्राइंडरनं कापायची, आतल्या प्लेटा ओढून काढायच्या, टोपी परत वेल्ड करायची. पण प्रश्नातला 'पिकअप' वाचला आणि आमचे दाजीच आठवले, म्हणून लिहायला बसलो.

दाजींची आणि माझी, दोघांचीही साडेतीनशेची कार्बोरेटरवाली बुलेट. त्यांनी जाळी काढली आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात एकच टेप: "गाडी मोकळी झालीया, आता पळतीया बघ!" आवाज वाढला की गाडी पळाल्यासारखी वाटतेच, त्यात नवल काय?

शेवटी एकदा कोल्हापुरात एकाच पंपावर दोघांनी टाक्या फुल केल्या आणि गगनबावडा गाठला. पुढं करूळ घाट उतरताना त्यांनी थ्रॉटल सोडलं की फाट फाट फटाके. दाजी खूश. परत चढताना मात्र मी तिसऱ्यावर निवांत, आणि ते दुसऱ्यावर येऊनही गाडी अडखळतेय. वर आल्यावर गाड्या निवू दिल्या आणि दोन्ही स्पार्क प्लग खोलले. माझा तपकिरी, त्यांचा चुन्यासारखा पांढरा. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा बेंड पाईप निळा पडलेला.

कारण सरळ आहे. धूर मोकळा सुटला की इंजिन हवा जास्त ओढतं, पण कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणारा जेट तेवढाच, त्यामुळं पेट्रोल कमी पडतं, म्हणून प्लग पांढरा. इंजिन तापतं आणि मार बसतो पिस्टनला. यावर दाजी म्हणाले, "पेट्रोलच भेसळीचं होतं." अहो, पंप एकच होता की!

तुमची गाडी २०२० नंतरची बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम पाळणारी) असेल तर विषयच सोडा. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टमध्येच असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात. 'फुकटात रिकामा करून देतो' म्हणणारा मिस्त्री ते भंगारात कुठं विकतो, ते आधी विचारा. शिवाय १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही तीन महिने जातं. जप्त सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात ते वेगळंच.

हां, मोठा जेट टाकून नीट ट्यूनिंग केलं तर वरच्या आरपीएमला थोडा फरक पडतो, हे मान्य. पण ते दाजींनी केलेलं नाही, आणि तुम्हीही करणार नाही असं प्रश्नावरून दिसतंय.

एवढं सांगूनही काढलीच, तर थोडी गाडी चालवून प्लग खोला आणि फोटो इथं टाका. आमच्या दाजींना पाठवायचाय. तेवढा पंप कुठला ते लिहा, नाहीतर परत पेट्रोलवर ढकलतील.