आयगरला संध्याकाळ, मॅटरहॉर्नला सकाळ

वाचकांचे प्रश्न : स्वित्झर्लंडमधल्या एका दिवसाच्या सहली आणि फोटो

इंटरलाकेनला मुक्काम ठेवून रोज एक डोंगर करायचा, असा बेत आखणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. आधी उच्चाराचं सांगतो. पाटीवर रोमन ‘जे’ दिसला तरी तिथे तो ‘य’ असतो. म्हणजे ‘जंगफ्राऊ’ नव्हे, युंगफ्राउ. त्या शिखराजवळच्या खिंडीतलं उंच स्टेशन ते युंगफ्राउयोख. तिकीटखिडकीवर दोन्ही कळतं, पण गाडीतल्या घोषणेत आपलं स्टेशन ओळखायला हे माहीत असलेलं बरं.

प्रश्न : जूनच्या मध्यावर चार रात्री इंटरलाकेनला आहोत. सोबत आई-वडील, वय ६८ आणि ७२. युंगफ्राउयोखचं तिकीट इथूनच काढून ठेवावं का? आणि एवढ्या उंचीवर त्यांना त्रास होईल का? (नागपूर)

तारखेला बांधलेलं तिकीट इथून काढू नका. चार दिवस हाताशी आहेत, तर डोंगर कोणत्या दिवशी करायचा ते आकाशाला ठरवू द्या. आदल्या संध्याकाळी मेटिओस्विस या तिथल्या हवामानखात्याच्या अ‍ॅपवर अंदाज बघा, सकाळी उठल्यावर माथ्यावरचा वेबकॅम बघा. खाली ऊन आणि वर पांढरा पडदा, किंवा याच्या नेमकं उलट, असं तिथे नेहमीच असतं. वेबकॅमवर नुसतं धुकं दिसत असेल तर त्या दिवशी वर जाऊन तुम्हालाही तेवढंच दिसणार. दिवस चांगला निघणार असं वाटलं, की आदल्या संध्याकाळीच आसन राखून ठेवा. हंगामात सकाळच्या गाड्या भरतात.

स्विस ट्रॅव्हल पास असेल तर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतचा प्रवास त्यात येतो. तिथून युंगफ्राउयोखपर्यंत फक्त २५ टक्के सवलत मिळते. हाफ फेअर कार्डावर निम्मं भाडं लागतं. पासावर सगळं फुकट असतं या समजुतीने गेलेले लोक खिडकीपाशी दचकतात, म्हणून हिशोब आधीच करून ठेवा.

जाण्या-यायचे रस्ते वेगळे ठेवा. जाताना ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलवरून आयगर एक्सप्रेस ही गोंडोला (तारेवरून जाणारी केबिन) घ्या. २०२० च्या डिसेंबरात ती सुरू झाली आणि १५ मिनिटांत आयगरग्लेचरला, २३२० मीटरवर पोचवते. पुढे १९१२ साली पूर्ण झालेली दातेरी रुळांची गाडी बोगद्यातून ३४५४ मीटरवर जाते. परतताना क्लाइन शाइडेक, वेंगेन, लाउटरब्रुनेन असं उतरा. डोंगराला पूर्ण फेरा होतो आणि तेच दृश्य दोनदा बघावं लागत नाही.

उंचीचं म्हणाल, तर वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश एवढाच असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी. गाडीतून उतरल्या उतरल्या सगळे भराभर चालायला लागतात आणि तिथेच चुकतं. पहिली दहा मिनिटं बसून पाणी प्यायचं, मग रमतगमत निघायचं. स्फिंक्स या वरच्या इमारतीच्या गच्चीपर्यंत लिफ्ट आहे, तेव्हा जिने चढायचं कारण नाही. डोकं दुखलं, मळमळलं तर गोळी घेऊन वर थांबू नका, खालची गाडी धरा. हजारभर मीटर उतरलं की बहुतेकांना बरं वाटतं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचा नेमका आकडा सांगून विचारा.

फोटोंच्या बाबतीत आमचं मत थोडं निराळं आहे. युंगफ्राउयोखला जायचं ते आलेच हिमनदीसाठी. वीस किलोमीटरहून लांब, आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी तुमच्या पायाखालून वळत गेलेली दिसते. पण आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही तीन शिखरं एका रांगेत हवी असतील तर त्यांच्या खांद्यावर चढून काय उपयोग? त्यासाठी समोरच्या डोंगरावर उभं राहावं लागतं. इंटरलाकेनच्या डोक्यावर १३२२ मीटरवर हार्डर कुल्म आहे, फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी डोंगरी गाडी) दहा मिनिटांत नेते. तिथून डावीकडे आयगर, मध्ये म्योंख, उजवीकडे युंगफ्राउ दिसतं. जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो, त्यामुळे शेवटचं तांबूस ऊन थेट या तिघांच्या तोंडावर येतं. सकाळी तिथे गेलात तर नुसत्या काळ्या आकृत्या मिळतील. उतरायच्या शेवटच्या गाडीची वेळ वर चढण्याआधी पाटीवर वाचून घ्या.

प्रश्न : तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब असलेला फोटो हवा आहे. बाखआल्पझे की झरमाटजवळचं रिफेलझे? गेल्या वर्षी बाखआल्पझेला गेलो होतो, पण पाण्यावर लाटा आणि डोंगर काळपट, असं झालं. (पुणे)

लाटा आणि काळपटपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाचा इलाज दुसऱ्याच्या आड येतो.

बाखआल्पझे २२६५ मीटरवर आहे. ग्रिंडेलवाल्डहून गोंडोलाने फर्स्ट नावाच्या वरच्या स्टेशनला जायचं, तिथून तासाभराची सोपी चाल. या तळ्यात पडतं ते श्रेकहॉर्न (४०७८ मीटर), मागे फिन्स्टरारहॉर्न आणि डावीकडे व्हेटरहॉर्न. ही सगळी शिखरं तळ्याच्या आग्नेयेला आहेत. म्हणजे सकाळी नऊ-दहाला सूर्य जवळजवळ त्यांच्याच मागे असतो आणि तुमच्याकडची बाजू सावलीत. दुपारी तीननंतर ऊन शिखरांवर येऊ लागतं, संध्याकाळी ते थेट समोरून पडतं. पण दिवसा ऊन तापलं की दरीतून वारा वर चढतो आणि पाणी हलतं. आरसा मिळतो सकाळी आणि उजेड मिळतो संध्याकाळी, अशी ही अडचण. दोन्ही साधायचं तर फर्स्टच्या डोंगरी गेस्टहाउसमध्ये रात्र काढायची. वारा पडतो तो बहुधा शेवटची गोंडोला गेल्यानंतर. एकाच दिवसात जाऊन यायचं असेल, तर ढग नसलेला सप्टेंबरचा दिवस निवडा आणि दुपारी उशिरा तळ्यापाशी पोचा. परतीची तासाभराची चाल आणि शेवटच्या गोंडोलाची वेळ यांची वजाबाकी मात्र आधी करा.

आणखी एक चूक बहुतेकांच्या हातून होते. फर्स्टकडून येणारी वाट तळ्याच्या अलीकडच्या टोकाला लागते. लोक तिथेच थांबतात, तेव्हा शिखरं त्यांच्या पाठीमागे असतात. खालचं छोटं तळं ओलांडून वरच्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर जा आणि वळून मागे बघा. फोटो तिथून आहे. मग गुडघ्यावर बसा, कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर आणा. तेवढ्याने काठाजवळचा लाटांचा पट्टा चौकटीतून कमी होतो आणि शिखराचं टोक पाण्यात पूर्ण येतं. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला असेल तर काढून ठेवा, निदान फिरवून बघा. तो चकाकी मारतो, आणि प्रतिबिंब म्हणजे चकाकीच. निळंशार आकाश आलं पण तळ्यातला डोंगर पुसला गेला, हा त्याच काचेचा प्रताप.

रिफेलझेचं गणित नेमकं उलटं. मॅटरहॉर्न (४४७८ मीटर) तिथून पश्चिमेला दिसतो. त्याची पूर्वेकडची भिंत उगवत्या सूर्याने उजळते आणि त्याच वेळी वाराही शांत असतो. उजेड आणि आरसा दोन्ही सकाळीच. दुपारी मात्र सूर्य शिखरामागे जातो, शिवाय टोकाच्या आडोशाला ढगाचा झेंडा अडकतो आणि तासन्‌तास हलत नाही. झरमाटहून गोर्नरग्राट डोंगरावर जाणाऱ्या गाडीने रोटनबोडेन स्टेशनवर (२८१५ मीटर) उतरायचं, पाच-दहा मिनिटं खाली चालत गेलं की तळं.

म्हणूनच इंटरलाकेनहून झरमाट एका दिवसात उरकण्याचा सल्ला आम्ही देत नाही. श्पीत्स आणि व्हिस्पला गाडी बदलून सव्वादोन तास, वर गोर्नरग्राटची गाडी. पहिल्या गाडीने निघालात तरी तळ्यापाशी पोचेपर्यंत सकाळचा चांगला उजेड सरलेला असतो. एक रात्र झरमाटला काढा. तळ्यात सूर्योदयाचं गुलाबी शिखर हवं असेल तर तेही पुरणार नाही. जुलैमध्ये सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि डोंगराची पहिली गाडी त्यानंतर सुटते. गावातल्या चर्चजवळच्या पुलावरून गुलाबी टोक दिसतं, पण तळ्यासह हवं तर वर रिफेलबर्ग किंवा गोर्नरग्राटच्या हॉटेलातच झोपावं लागेल.

एवढा खर्च करून जूनमध्ये मात्र जाऊ नका. दोन्ही तळ्यांवर तेव्हा बर्फ असू शकतो. जुलैचा मध्य ते सप्टेंबर अखेर हा काळ भरवशाचा.

प्रश्न : लाउटरब्रुनेनच्या धबधब्याचा फोटो नेहमी फिका येतो. इंद्रधनुष्य दिसतं म्हणतात, ते कधी? (ठाणे)

लाउटरब्रुनेनचा हा धबधबा, श्टाउबबाख, २९७ मीटर उंच आहे आणि दरीच्या पश्चिमेकडच्या कड्यावरून पडतो. त्याचं तोंड पूर्वेला, म्हणून ऊन फक्त सकाळी. दुपारी धबधबा सावलीत आणि मागचं आकाश लख्ख, अशा वेळी कॅमेरा दोन्ही सांभाळू शकत नाही.

इंद्रधनुष्यासाठी सूर्य तुमच्या पाठीशी आणि क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली हवा. त्याहून वर गेला की धनुष्य जमिनीखाली जातं. जूनच्या मध्यावर तिथे सूर्य ही मर्यादा सकाळी दहाच्या सुमाराला ओलांडतो. पूर्वेच्या कड्यामुळे दरीत ऊन उशिरा उतरतं, म्हणजे तुमच्या हातात नऊ ते दहा एवढाच वेळ. सप्टेंबरमध्ये सूर्य खालून जातो, तेव्हा थोडी अधिक सवड मिळते. पाण्याला जोर मात्र मे-जूनमध्ये, वरचा बर्फ वितळताना.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून सगळे शटर अर्धा सेकंद उघडं ठेवतात. इथे ते करू नका. ‘श्टाउब’ म्हणजे धूळ. पाणी पडता पडता वाऱ्याने उडून जातं आणि लांब एक्सपोजरमध्ये त्याचा नुसता पांढरा धूर होतो. १/२५० सेकंद ठेवा, धारा सुट्या दिसतील.

प्रश्न : चारपैकी दोन दिवस पाऊस निघाला तर? (कोल्हापूर)

तर खाली राहा, पण हॉटेलात बसू नका. झाकोळलेल्या उजेडात धबधबे आणि घळी उन्हापेक्षा चांगल्या येतात, कारण काळ्या-पांढऱ्या डागांचा त्रास नसतो. लाउटरब्रुनेनहून पोस्टबसने ट्र्युमेलबाखला जा. डोंगराच्या पोटात दहा धबधबे आहेत, त्यांतून आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ तिघांच्या हिमनद्यांचं पाणी वाहतं, जोरात असताना सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आत अंधार आणि तुषार. ट्रायपॉड मांडायला जागा नाही, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० च्या वर न्या आणि काच पुसायला दोन कोरडे रुमाल ठेवा. हिवाळ्यात ते बंद असतं आणि चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. मायरिंगेनजवळची आरे नदीची घळ १.४ किलोमीटर लांब आहे, लाकडी पुलांवरून चालायचं, पावसातही जमतं.

ब्रिएन्झ तलावाकाठचं इझेल्टवाल्ड अशा दिवशी सुंदर दिसतं. एका कोरियन मालिकेमुळे तिथल्या छोट्या धक्क्यावर इतकी झुंबड उडाली, की आता पाच फ्रँक टाकल्याशिवाय फाटक फिरत नाही. धक्का सोडा, काठाने पाच मिनिटं पुढे चला, पाणी तेच आहे.

प्रश्न : बर्फ फोटोत करडा का येतो? आणि वर बॅटरी लगेच संपते, ती का? (नाशिक)

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरच्या दृश्याची सरासरी करड्या रंगाची धरून चालतो. चौकटभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, म्हणून तो फोटो अंधारा करतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा अंधारा करायची सोय) +१ पासून सुरू करा, निव्वळ बर्फ असेल तर +१.७ पर्यंत जा. मोबाइलवर बर्फावर बोट टेकवा आणि सूर्याची खूण थोडी वर सरकवा. हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला तर एक पायरी खाली या, नाहीतर बर्फावरचे वाऱ्याचे वळ जळून जातात.

थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून ती संपल्यासारखी वाटते. सुटी बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, आणि ‘संपलेली’ फेकू नका. अंगाच्या उबेत पुन्हा काही फोटो देते. खरा घोटाळा वरच्या उपाहारगृहात होतो. गार कॅमेरा उबदार खोलीत नेला की काचेवर, कधी आतल्या बाजूलाही, दव धरतं. आत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून तोंड बंद करा. दव पिशवीवर धरेल. अर्ध्या तासाने, चहा झाल्यावर उघडा.