नव्याने ख्रिस्ती मंडळीत आलेल्या भावास

तू विचारलंस, 'प्रभूची सेवा म्हणजे पुन्हा बंधनच नाही का?' बायबलमधल्या, प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय सावकाश वाच. ख्रिस्ताने मोकळं केलं म्हणतो आणि लगेच प्रीतीने एकमेकांची सेवा करायला सांगतो.

पंडिता रमाबाईंकडे बघ. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी तिथल्या मठातल्या वडीलधाऱ्या सिस्टरांपुढे त्यांनी आपली विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. मतभेद पत्रांतून स्पष्ट मांडले. आणि 1896-97 च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या, केडगावात त्यांना आसरा दिला. माणसांच्या दडपणाला न झुकणारी बाई त्या मुलींसाठी राबली. मला ख्रिस्ती स्वातंत्र्य इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

म्हणून लगेच चार समित्यांवर नाव देऊ नकोस. एकच काम घे, शक्यतो कोणाच्या नजरेत न येणारं: आजाऱ्याला भेटणं, उपासनेनंतर सतरंज्या उचलणं. कौतुक झालं नाही म्हणून मन खट्टू झालं, तर ते प्रार्थनेत प्रभूला सांग. लोक काय म्हणतील ही भीती तिथेच सैल व्हायला लागते. आणि थकलास तर पाळकांना सरळ 'आता जमणार नाही' म्हण.