किमो चालू असताना ताप आला तर सकाळपर्यंत थांबायचं का?

प्रश्न: माझ्या भावाचा मुलगा सहा वर्षांचा, त्याला ब्लड कॅन्सर आहे, एएलएल म्हणतात तो. मुंबईला किमो चालू आहे, मधल्या दिवसांत वाळपईला घरी आलाय. डॉक्टरांनी बजावलंय की ताप आला तर लगेच हॉस्पिटल गाठा, पण आई म्हणते जरा अंग गरम झालं म्हणून रात्रीचं बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात कुठे धावायचं, तापाचं सिरप देऊ आणि सकाळी बघू. त्यात गणपतीची चवथ तोंडावर आलीय, घर माणसांनी भरणार. काय करू?
एक आत्या, सत्तरी

उत्तर: ताई, सकाळपर्यंत अजिबात थांबू नका. किमोने कॅन्सरच्या पेशींबरोबर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात, त्यातल्या न्यूट्रोफिल्स रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली गेल्या की इन्फेक्शन झालं तरी ना पू होतो ना सूज येते, बरेचदा ताप हीच एक खूण असते आणि सिरप दिलं की तीही झाकली जाते. काखेत थर्मामीटर लावा, एकदा जरी 101 दाखवलं किंवा तासभर 100.4 च्या वर राहिलं की निघायचं, आणि तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी आकडा दिला असेल तर तोच धरा. गाडी नसेल तर 108. कॅज्युअल्टीत पाय ठेवताच सांगा, "किमो चालू आहे आणि ताप आहे", कारण शिरेतून अँटिबायोटिक पोचल्यापासून तासाभरात सुरू व्हायला हवं, केसपेपरच्या रांगेत तो वेळ जाऊ देऊ नका. गुदद्वारातून ताप बघणं, एनिमा, सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) यातलं काही घरी करायचं नाही.

मी एवढं कळकळीने का सांगतेय, तर श्रीमंत देशांत या आजाराची 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, गरीब देशांत खूप कमी, आणि मूळ औषधं मात्र बरीचशी तीच आहेत. आपल्याकडची बरीच मुलं जातात ती इन्फेक्शनने, वेळेवर रक्त-प्लेटलेट न मिळाल्याने, कुपोषणाने, किंवा भाड्यापायी आणि मजुरी बुडते म्हणून उपचार मध्येच सुटल्याने. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये कॅन्सर झालेल्या मुलांसाठी मोहीम सुरू केली, 2030 पर्यंत जगभर निदान 60 टक्के मुलं वाचावीत म्हणून, पण वाळपईतल्या रात्री दोन वाजताच्या तापाला घरचंच माणूस लागतं हो. पैशाची ओढाताण असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आताच बोला, तारीख चुकवून नको.

आईंना सांगा, त्यांच्या हातची गरम पेज, ताजं शिजवलेलं मासळीचं कालवण, उकडलेलं अंडं हे सगळं त्याला हवंच आहे, उघड्यावरचं आणि कालचं उरलेलं तेवढं नको.

चवथीला त्याला गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटोळी बघू दे की, त्याचाही सण आहे! फक्त सर्दी-खोकलावाल्यांनी लांब राहायचं, कुणी पापे घ्यायचे नाहीत, आणि कांजिण्या किंवा गोवर असलेल्या पोराच्या जवळपास तो गेला असं कळलं तर ताप नसला तरी डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. त्याची फाईल, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि थर्मामीटर एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला आजच अडकवा, आणि रात्री गाडी कोण काढणार ते भावाशी बोलून ठेवा.