वस्तीतल्या मुलांचा फुटबॉल

प्रश्न : पंचवटीतल्या फुलेनगर भागात ८ ते १२ वयाच्या २० मुलामुलींसाठी फुटबॉल सुरू करायचाय. मैदान मुरमाचं, पैसे बेताचे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आधी चेंडू घ्या, जर्सी नंतर. देणगीदाराला फोटोसाठी जर्सी हवी असते, मुलांना चेंडू. या वयाला ४ नंबरचा चेंडू योग्य. ५ नंबर जड पडतो. वीस जणांत निदान सात चेंडू हवेत, नाहीतर अर्धा वेळ रांगेतच जातो. मुरमावर हाताने शिवलेल्या चेंडूचे टाके झिजून तुटतात, म्हणून रबरी मोल्डेड घ्या. हवा भरताना पंपाची सुई ओली करा. कोरडी घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो आणि चेंडू रोज बसतो.

अकरा-अकरा खेळवू नका. २५ बाय २० मीटरच्या चौकोनात चार-चार जण, गोलकीपर नाही, गोलाला खुणेच्या प्लास्टिक बशा. विटा मुळीच नकोत, पडणाऱ्याचं डोकं फुटतं. सुरुवातीला सगळ्यांना अनवाणीच खेळवा. बूटवाला आणि अनवाणी एकत्र आले की नखं जातात. त्यासाठी आधी काचा-खडे वेचा.

मुली दोन आठवड्यांत गळतात, त्याचं कारण बहुधा वेळ. नळाला पाणी यायची वेळ आयांना विचारून सराव ठरवा, अंधाराआधी संपवा. शक्य असेल तर एक ताई प्रशिक्षक ठेवा.

जन्मदाखल्यांच्या प्रती आत्ताच जमवा. वयोगटाच्या स्पर्धेला ऐनवेळी त्याच अडतात.