राकू घराण्यात वारशाने काय मिळते?

प्रश्न : राकू या मातीची भांडी भाजण्याच्या पद्धतीच्या कार्यशाळेत तापलेले भांडे भुशात टाकून धुरावतात. जपानमधल्या एका घराण्याने जपलेली परंपरा ती हीच का? आणि 400 वर्षांहून अधिक काळ तेच काम पिढ्यान्‌पिढ्या चालत असेल, तर त्यात नवे काय उरते?

उत्तर : ती ही नव्हे. भुशात धुरावण्याची रीत अमेरिकेतील मृत्तिकाकारांनी 20व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केली. मूळ राकू क्योतो शहरातील राकू घराण्याची आहे. 16व्या शतकात घराण्याचे पहिले कुंभार चोजिरो यांनी जपानी चहाविधीचे गुरू सेन नो रिक्यू (1522–1591) यांच्या अभिरुचीला अनुसरून चहाचे वाडगे घडवले, तेथून ती सुरू होते. 2019 मध्ये 16व्या पिढीच्या प्रमुखांनी किचिझाएमोन हे घराण्याच्या प्रमुखाला वारशाने मिळणारे नाव धारण केले.

हा वाडगा चाकावर फिरवत नाहीत. मातीच्या चपट्या चकतीची कड दोन्ही तळव्यांनी दाबत वर उचलतात आणि माती जरा आवळली की ती तासून हवी तेवढी पातळ करतात. काळ्या वाडग्याच्या झिलईत, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपात, क्योतोतील कामो नदीच्या दगडाची पूड असते. असा वाडगा लहानशा भट्टीत एकेक करून भाजतात आणि झिलई वितळताच तो धगधगत असतानाच चिमट्याने बाहेर ओढतात. झपाट्याने निवण्यामुळेच तो गर्द काळा रंग येतो, आणि चिमट्याने धरल्याची खूण अंगावर कायम राहते. ती खूण दोष समजून दुर्लक्षू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. तांबडा वाडगा याहून कमी आचेवर भाजतात.

आता आपल्या प्रश्नाचा खरा गाभा. या घराण्यात पुढच्या पिढ्यांसाठी माती साठवून ठेवतात, पण झिलईचे प्रमाण लिहून देत नाहीत. ते ज्याचे त्याने शोधायचे असते. म्हणूनच चोजिरो यांचे वाडगे मंद आणि गंभीर दिसतात, तर तिसऱ्या पिढीतील दोन्यू यांच्या वाडग्यांचे अंग पातळ आणि झिलई तेजस्वी आहे. पाचवे सोन्यू तर दत्तक आलेले होते, तरीही चोजिरो यांच्या त्या निस्तेज काळ्या रंगाकडे पुन्हा वळले ते तेच. वारसा म्हणजे केवळ अनुकरण नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते. क्योतोला जाणे झाल्यास 1978 मध्ये स्थापन झालेल्या राकू संग्रहालयात निरनिराळ्या पिढ्यांचे वाडगे शेजारी शेजारी ठेवलेले असतील, तेव्हा आधी त्यांच्या कडा पाहाव्यात. पिढ्यांमधला फरक तेथे चटकन ओळखू येतो.