कूलरच्या टाकीचे कोपरे का गळतात?

प्रश्न : हिंगणा मार्गावर आमचे कूलर बनवण्याचे लहानसे वर्कशॉप आहे. २२ गेजच्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पत्र्याच्या टाक्यांना आम्ही ६५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने डाख देतो. डाख चांगला बसल्यासारखा दिसतो, पण टाकी रात्रभर भरून ठेवली की सकाळी कोपरे ओले असतात. १०० वॉटचा आयर्न घ्यावा का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : १०० वॉटनेही आपले काम भागणार नाही. आपल्या आयर्नचे टोक आजही सोल्डर वितळण्यासाठी लागते त्याहून पुष्कळ अधिक तापते. कमी पडतो तो उष्णतेचा साठा. टोक टेकताच पत्रा उष्णता ओढून चहूकडे पसरवतो आणि बारीक टोकाला ती तूट भरून काढता येत नाही. ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) १८३ अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते आणि सुमारे १९० अंशांना पूर्ण वितळते. सांधा स्वतः त्याहून अधिक तापला नाही, तर सोल्डर पत्र्याला न धरता त्यावर नुसते गोठते. आपल्या एखाद्या गळक्या कोपऱ्यावरून नख फिरवून पाहा. डाखाची कड गोलसर असून नख तिच्याखाली अडकत असेल, तर तो डाख धरलेलाच नाही. धरलेल्या डाखाची कड पातळ होत होत पत्र्यात मिसळून जाते.

आपण २५० ते ५०० वॉटचा, जड तांब्याच्या बिटचा (पुढच्या तापणाऱ्या भागाचा) आणि छिन्नीसारख्या रुंद टोकाचा आयर्न घ्यावा. माझा कल ५०० वॉटकडे आहे, कारण उन्हाळ्याच्या ऐन हंगामात व्होल्टेज २३० वरून २०० वर उतरले, तर ५०० वॉटच्या आयर्नमधून जेमतेम ३८० वॉट मिळतात. त्याला सव्वादोन अँपिअरहून कमी करंट लागतो, त्यामुळे घरगुती सॉकेट चालेल. मात्र ओल्या जमिनीवर काम करणाऱ्याच्या हातात अर्थिंग नसलेला आयर्न कदापि देऊ नये. बिट तापल्यावर नवसागराच्या वडीवर घासून त्याला सोल्डरचा पातळ लेप द्यावा. सोल्डरची तार बिटला न लावता सांध्याला लावावी. ती तिथे आपोआप वितळली, तरच पुढे सरकावे.

रेडिओ दुरुस्तीचे राळेचे फ्लक्स (सांधा स्वच्छ करून सोल्डर धरायला मदत करणारे द्रव्य) जस्ताच्या थरावर निरुपयोगी ठरते. त्यासाठी झिंक क्लोराइडचे फ्लक्स वापरावे, धूर नाकात जाऊ देऊ नये आणि काम संपताच सांधा भरपूर पाण्याने धुवावा, कारण राहिलेले फ्लक्स पुढे पत्राच खाऊ लागते. शिवाय सोल्डर गळती थांबवते, टाकीचा भार पेलत नाही. म्हणून कोपऱ्यांना आधी घडी किंवा रिव्हेट हवीच.

कोणी पिण्याच्या पाण्याची टाकी दुरुस्तीला आणली, तर ६०/४० सोल्डर तिला लावू नका, कारण त्यात ४० टक्के शिसे असते. तिच्यासाठी शिसेविरहित, कथील-तांब्याचे सोल्डर घ्यावे. ते सुमारे २२७ अंशांना वितळते, आणि तिथे तर जड बिटवाचून काम होणारच नाही.